रेघेखालचा आकडा

११ डिसेंबर १९७३, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्या हातून पोलॅरिमीटरची काचनळी निसटली आणि फरशीवर फुटली. उसाच्या रसात साखर किती आहे, हे या नळीतून प्रकाश पाठवून मोजतात. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण नऊच्या नमुन्याची नोंद मी अर्धी केली होती. उरलेल्या अर्ध्या जागेत माझ्याच अक्षरात 'नळी फुटली, ९.१०' एवढे आहे.

नळी ओली नव्हती. माझे लक्षही दुसरीकडे नव्हते. त्याआधीचे तीन आठवडे मान, खांदे आणि कोपरांच्या आतल्या बाजू दुखत होत्या. हंगामाचा शीण, असे मी ठरवून टाकले होते. गळीत सुरू असताना कारखान्यात सगळ्यांचेच अंग दुखते. पण इतरांचे झोपेने थांबत होते. मी झोपेतून उठत होते ती उखळात कांडून काढल्यासारखी.

हे मी बरी झाल्यावर लिहीत नाही. मी बरी झालेली नाही. लिहिण्याचे कारण एवढेच, की दोन वर्षे शोधूनही मला अशी एक ओळ मराठीत सापडली नाही जिच्यात माझे दुखणे होते. कोणा एकीला ती येथे सापडली तर पुरे. धीर देण्याचे काम मी पत्करलेले नाही.

कानपूर

तेव्हा माझे वय तेवीस होते. शाळा इस्लामपूरला, बी.एस्सी. सांगलीला, एम.एस्सी. कोल्हापूरला. आमचे गाव वाळवे तालुक्यात, कारखान्यापासून एस.टी.ने वीस मिनिटांवर. वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, पायदळातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. थोरला भाऊ जम्मूकडे पलटणीत. घरी आई, वहिनी, तिची दोन मुले, दोन म्हशी आणि चार एकर ऊस.

प्रयोगशाळेत मी एकटीच स्त्री. स्त्रियांना रात्रपाळी देता येत नाही असा कायदा असल्याने सहकारी मला 'दिवसपाळीच्या बाई' म्हणत. त्यात थोडी थट्टा होती आणि थोडी असूया. मला दोन्हीचे काही वाटत नसे, कारण माझे लक्ष कानपूरकडे होते. कारखाना दरवर्षी एका केमिस्टला तिथल्या शर्करा-तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाला पाठवीत असे. तिथून परतलेला माणूस पुढे मुख्य केमिस्ट होऊ शकत असे. आमच्या भागात त्या खुर्चीवर स्त्री बसल्याचे मी ऐकलेले नव्हते. मला ती खुर्ची हवी होती, आणि ती मला मिळेल याविषयी मला शंका नव्हती.

आमचे मुख्य केमिस्ट देसाईसाहेब यांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता. "इथं खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्याच्यावर एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आपण चुकलो हे लपवायचं नाही, समजलं का बाई?"

मला हा नियम फार आवडला. मी तो आयुष्याला लावला.

वही

१२ डिसेंबरला मी नवी वही आखली. चार रकाने: तारीख, झोपेचे तास, वेदना, काम. वेदनेचे माप शून्य ते दहा. शून्य म्हणजे दुखणे नाही. दहा म्हणजे नवव्या वर्षी बैलगाडीवरून पडून डावा हात मोडला, तेव्हाचे. प्रत्येक मापाला एक ठाम टोक लागते; माझ्याजवळ तेच होते. 'काम' या रकान्यात मी दिवसभरात तपासलेल्या नमुन्यांची संख्या लिहू लागले.

विचार सरळ होता. कारण सापडत नसेल तर आधी वर्तन नोंदवावे. थंडीने वाढते का, खाण्याने, पाळीच्या दिवसांत, जिने चढल्याने? चार महिन्यांत एकही संबंध ठाम निघाला नाही. वेदना चार ते आठ यांच्यामध्ये आपल्या मर्जीने फिरत होती. झोप सात तासांची असो वा तीन, सकाळी बोटे तितकीच ताठ. फक्त एकच रकाना एका दिशेने चालला होता. डिसेंबरात दिवसाला चौदा नमुने, फेब्रुवारीत अकरा, एप्रिलमध्ये हंगाम संपला तेव्हा आठ. उरलेले सहकारी उरकून देत. आधी ते हसत हसत देत, नंतर न बोलता.

ज्याला या दुखण्याचा अनुभव नाही त्याला ते कसे सांगावे, हे मला अजून जमलेले नाही. ते एका जागी नसते. आज डाव्या खांद्यात बोट ठेवून दाखवावे, तर उद्या ते दोन्ही गुडघ्यांच्या आत गेलेले असते. एस.टी.त शेजारच्या बाईचा दंडाला नुसता धक्का लागला तरी डोळ्यांत पाणी येते, आणि त्या जागी बघावे तर वळ नाही, सूज नाही, काही नाही.

मेडिसिन अँड ड्यूटी

आबा वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला शिकवले, तेव्हा भावकीने त्यांना 'पोरगीला बालिष्टर करतोय' म्हणून हिणवले होते. पण आजार म्हणजे काय, हे ते पलटणीत शिकले होते.

"सिक रिपोर्टला सकाळी लाईन लागती," ते एकदा जेवताना म्हणाले. "डाक्तरला काय घावलं तर तो माणूस दवाखान्यात धाडतो. काय घावलं न्हाई तर कागदावर ल्हितो, मेडिसिन अँड ड्यूटी. गोळी गिळायची आन् कामावर जायाचं. लय बहाणेबाज बघितल्यात म्या, इमल."

मी विमल, आबांच्या तोंडी इमल.

"मी बहाणा करते का, आबा?"

"तसं न्हाई म्हनत. पर इस्लामपूरच्या डाक्तरला काय घावलं का?"

घावले नव्हते. रक्त चांगले, लघवी चांगली, छातीचा फोटो चांगला. त्यांनी ॲस्पिरिन दिली होती. मी गोळी गिळली आणि कामावर गेले.

आईचे धोरण वेगळे. "कुनाफुडं दुखतंय म्हनू नगंस. पोरीचं दुखनं येशीबाहीर गेलं की सोयरीक आटती." म्हणून सांगलीला डॉक्टरांकडे जाताना मी गावात 'मावशीकडे चालले' असे सांगत असे. माझी मावशी सांगलीत राहतच नव्हती. ती राहत होती वाईला.

मार्च महिन्यात एका संध्याकाळी आईने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन माझी दृष्ट काढली. चुलीत टाकल्यावर मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे नजर कडक, असे तिने ठरवले. मग तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताचा स्पर्शही दुखत होता, पण मी ते सांगितले नाही.

"उतरलं का गं थोडं?"

दृष्ट काढण्यापूर्वीचा आकडा सात होता. नंतरचाही सात. मी म्हणाले, "उतरलं."

वहीत मी सातच लिहिले. म्हणून तो खोटेपणा मी हिशेबात धरला नाही. आता धरते.

सांगलीतला वॉर्ड

जून १९७४मध्ये कानपूरसाठी माझे नाव पुढे गेले. देसाईसाहेबांनी स्वतः शिफारस केली. राहिले होते ते प्रकृती उत्तम असल्याचे प्रमाणपत्र. मी ठरवले, की याच निमित्ताने दुखण्याचाही छडा लावायचा. निदान होईल, उपचार होतील, मग कागद मिळेल. सांगलीतल्या एका रुग्णालयात मी तपासणीसाठी दहा दिवस दाखल झाले.

साडेपाचला थर्मामीटर, सहाला चहा, सातला ओला झाडू आणि फिनेलचा वास, दहाला डॉक्टरांची फेरी. चारला भेटीची वेळ. तापाच्या तक्त्यावर माझी रेघ दहा दिवस सपाट होती. आजूबाजूच्या तक्त्यांवर डोंगर होते.

शेजारच्या खाटेवर आष्ट्याची एक म्हातारी होती. संधिवाताने सुजलेली तिची बोटे आल्याच्या गड्ड्यांसारखी झाली होती. डॉक्टर तिचे हात हातात घेऊन विद्यार्थ्यांना दाखवीत. तिची सून रोज तिला भरवीत असे.

"तुला काय झालंय गं लेकी?" तिने दुसऱ्या दिवशी विचारले.

"अंग दुखतं, आजी."

"कुटं?"

"सगळीकडं."

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिले. "दिसत तर काय न्हाई," ती म्हणाली, आणि मग मी ओशाळले असेन, म्हणून घाईने, "आसंल बाई, आसंल."

मला त्या म्हातारीच्या बोटांचा हेवा वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण वगळले तर या लेखाला अर्थ नाही. तिची सूज मला हवी होती.

दहाव्या दिवशी वॉर्डच्या तरुण डॉक्टरांनी मला आपल्या खोलीत बोलावले. सर्व तपासण्या निर्दोष होत्या. मी माझी वही त्यांच्यापुढे ठेवली. सहा महिन्यांच्या नोंदी, एकही दिवस न गाळता. आलेखही काढला होता, लाल शाईने वेदना आणि निळ्या शाईने काम. याहून चांगला पुरावा मी कोणत्याच विषयात दिलेला नव्हता.

त्यांनी पाने उलटली. आधी हळू, मग भराभर.

"हे सगळं तुम्ही लिहिलंत? रोज?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

त्यांनी वही मिटली. "इतकं लक्ष स्वतःच्या शरीराकडे दिलं तर कुणाचंही दुखेल, बाई." मग थोडे थांबून, सहानुभूतीने: "घरी लग्नाचं वगैरे काही बिनसलंय का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी तेही एक लक्षण असल्यासारखे ऐकून घेतले. कानपूरच्या अर्जावर त्यांनी लिहिले, की शरीरात दोष नाही, मनोवृत्ती चिंताग्रस्त आहे, सबब दूरच्या प्रशिक्षणास तूर्त अयोग्य.

मी केमिस्टची चूक केली होती. आमच्याकडे जे मोजले ते सिद्ध झाले. त्या खोलीत मोजणे हाच माझा आजार ठरला. वही न नेता मी गेले असते तर ते कदाचित 'निर्दोष' एवढेच लिहून मोकळे झाले असते, आणि मी कानपूरला गेले असते. त्या वर्षी माझ्याहून कनिष्ठ असलेला एक मुलगा गेला. देसाईसाहेब म्हणाले, "पुढच्या खेपेला बघू." त्यांना तसे खरोखरच वाटत होते.

चौथा रकाना

पुढच्या हंगामात, फेब्रुवारी १९७५मध्ये, दिवसाचे नमुने तीनवर आले आणि मी बिनपगारी रजा घेतली. चौथ्या रकान्यातले 'काम' खोडून मी 'भाकरी' लिहिले. एकच रेघ मारली. खालचा शब्द आजही वाचता येतो.

घरातल्या कामांत मोजता येण्याजोगे तेच होते. परातीत पीठ मळणे, थापणे, तव्यावर टाकणे. प्रत्येक भाकरीला मनगट, कोपर, खांदा. पहिल्या आठवड्यात नऊ. मे महिन्यात चार. मधेच थांबले की उरलेले पीठ वहिनी पुढे ओढून घेत असे.

वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, सातवी शिकलेली. धार, शेण, वैरण, दोन मुले, सासू-सासरे आणि आता मी. एके दिवशी मी परातीपासून उठले आणि हात पुसून वही उघडली. ती फुंकणीने चूल फुंकत होती, तशीच वळली.

"वन्सं, किती ल्हिल्या?"

"तीन."

"माज्याबी ल्हिवा की मग. अठरा." मग पुन्हा चुलीकडे तोंड करून, "तुमचं दुखतंय त्ये वहीत तरी हाय. माजं चुलीत जातंय."

तिचे म्हणणे बरोबर होते. तिच्या कामाचा रकाना माझ्या वहीत कधीच नव्हता.

त्याच आठवड्यात मला डोक्यावर हात नेऊन वेणी घालणे अशक्य झाले. वहिनी घालू लागली, पण केस ओढले की टाळूपासून मानेपर्यंत आग होई. शेवटी मी तिला केस खांद्यापर्यंत कापायला सांगितले. लग्नाच्या मुलीचे केस कापायचे म्हणजे घरात अशुभ ओढवून आणायचे. वहिनीने कात्री घेतली आणि परसात नेऊन कापले. आईने दोन दिवस अन्न घेतले नाही. "कुनी सांगितलं ह्ये?" या प्रश्नाला वहिनीने उत्तर दिले, "म्याच म्हनलं, आत्याबाई. कोंडा लय झालता." त्या घरात माझ्यासाठी कोणी स्वतःवर ओढून घेतलेला तो पहिला दोष.

तीच पुढे निर्गुडीचा पाला उकळून अंघोळीच्या पाण्यात टाकू लागली. त्याने वेदना एका अंकाने, सुमारे दोन तास, कमी होते. खडे मीठ तव्यावर भाजून फडक्यात बांधून शेकले तर तेवढीच. माझ्याजवळ सांगण्यासारखा उपाय म्हणून एवढाच आहे, आणि तो मी पूर्ण आकड्यासह सांगते आहे, म्हणजे कोणाची निराशा होणार नाही.

नाव

ऑगस्ट १९७५. सांगलीतच दुसरीकडे एक वयस्क डॉक्टर होते. आबा बरोबर आले होते. वही मी नेली नव्हती.

डॉक्टरांनी रक्ताचे कागद बाजूला ठेवले आणि अंगठ्याने दाबत गेले. मानेच्या मुळाशी, खांद्याच्या कडेला, कोपराच्या आत, कमरेखाली, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी मी ओरडले. मधल्या जागी दाबल्यावर ओरडले नाही. त्यांना पुढची जागा आधीच ठाऊक होती. पावणेदोन वर्षे ज्याचा नकाशा मी शोधत होते तो त्यांच्या अंगठ्यात होता.

"फायब्रोसायटिस," ते म्हणाले. "स्नायूंचं दुखणं. रक्तात दिसत नाही."

नाव मिळाले त्या क्षणी मला काय वाटले ते मी नोंदवलेले नाही, पण आठवते. वाटले, झाले, आता कानपूर.

"औषध काय, डॉक्टर?"

"ॲस्पिरिन. शेक. झोप येईल असं काहीतरी देतो."

"आणि बरं व्हायला किती दिवस?"

ते हात धुवायला उठले. पाठमोरे असतानाच म्हणाले, "याने माणूस मरत नाही." मी वाट पाहिली. त्या वाक्याला पुढचा भाग नव्हता.

आबा इतका वेळ भिंतीशी सावधान उभे होते. डॉक्टरांपुढे ते तसेच उभे राहतात. त्यांनी विचारले, "साहेब, ड्यूटी?"

"सुभेदार, ड्यूटी नाही जमायची. हिला झेपेल तेवढंच."

परतताना एस.टी.त आष्ट्याच्या थांब्यावर आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "म्या तुला पावनेदोन वर्सं ड्यूटीवर धाडलं."

आज किती?

दुसऱ्या दिवसापासून आबांनी वही हाती घेतली. सकाळी माझ्या बोटांत पेन राहत नसे. ते अंघोळ करून, गंध लावून, चष्मा घालून माझ्या अंथरुणापाशी पाटावर बसत. वहिनी चहाचा पेला शेजारी ठेवी.

"आज किती?"

"सात."

"सात," ते म्हणत आणि लिहीत. हजेरीपटावर लिहावे तसे टपोरे, सुटे. भाकऱ्यांचा रकाना ते विचारत नसत. तो तेव्हा शून्यावरच होता. ते नुसती आडवी रेघ ओढत.

जगात माझ्या आकड्याची वाट पाहणारे एक माणूस झाले होते. हे सुख मी नाकारणार नाही. पण काही महिन्यांत माझ्या लक्षात आले, की ज्या दिवशी मी आठ सांगते त्या दिवशी चहा तसाच राहतो. आबा पेल्यावर बशी झाकून उठतात. उसाला पाणी असले तरी रानात जात नाहीत. ओट्यावर बसून राहतात. आणि आठ वारंवार येऊ लागला होता.

चैत्र लागला त्या सुमारास, एका आठाच्या सकाळी, मी "सहा" म्हणाले. आबांनी सहा लिहिले आणि चहा घेतला.

एकदा सहा सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ सांगणे जमले नाही. मग मी उतार आखला. खोटे आकडे कसे ओळखू येतात हे मला माहीत होते. ते फार सरळ रेषेत उतरतात. म्हणून मी मधे एखादा सात घातला. सहा, सहा, सात, सहा, पाच, सहा, पाच. प्रयोगशाळेत जे मी कधी केले नसते ते मी प्रयोगशाळेत शिकलेल्या कौशल्याने केले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चारवर आलो. आबा आता शिट्टी वाजवत म्हशींना पाणी दाखवत होते. आई कुणाला तरी सांगत होती, की देव नवसाला पावला. खऱ्या आकड्यांची वेगळी नोंद मी ठेवली नाही. वही एकच होती.

आबा काय करतील याचा विचार मी केला नव्हता.

२२ मेच्या दुपारी ते बाहेरून आले ते कोट-फेट्यात. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. कानपूरचा अर्ज होता. माझे नाव देसाईसाहेबांच्या अक्षरात.

"कारखान्यात गेलतो. साहेबांनी खुर्ची दिली मला. म्हनलं, साहेब, पोरगी हटली न्हाई, पंधरा दीस चारवर हाय. वही दावली. त्ये म्हनले, सुभेदार, यंदा जागा ऱ्हायलीया, फकस्त डाक्तरची सही आना."

"कोणत्या डॉक्टरची?"

"सातारचं आमचं कॅप्टनसाहेब. पलटणीत व्हते. तेन्ला आदीच चिठ्ठी धाडलीती, तेंचा निरोप आलाय. वही घिऊन या म्हनं, उतार दिसत आसंल तर फिट म्हनून सही करतो. उद्याच्या सकाळच्या गाडीनं जायाचं." मग स्वयंपाकघराकडे वळून, "अगं ए सूनबाई, च्या टाक! केमिस्टीनबाई निघाल्यात कानपूरला!"

"आन् माज्या भाकरी कोन ल्हिनार मग?" आतून वहिनी म्हणाली. ती हसत होती. पुष्कळ दिवसांनी.

ज्या वहीने माझे कानपूर घालवले होते तीच आता ते परत देत होती. खरी होती तेव्हा तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता.

मी जायचे ठरवले. हे स्पष्ट लिहिते. दुपारभर मी स्वतःला पटवले, की तिथे गेल्यावर पाहू. वसतिगृहात गरम पाणी मिळेल. प्रात्यक्षिकात जोडीदार असतोच. संध्याकाळी, घरात कोणी नसताना, मी फडताळातून काचेचा पेला काढला, पाणी भरले आणि नळी धरतात तसा दोन बोटांत व अंगठ्यात धरून मोजू लागले. प्रयोगशाळेत नळी भरून, पुसून, यंत्रात ठेवेपर्यंत चाळीस सेकंद लागतात. मी अकरापर्यंत मोजले. पेला परातीतल्या फडक्यावर पडला म्हणून फुटला नाही. परात मी आधीच खाली ठेवली होती. तिकडे लक्ष गेल्यावर मला कळले, की उत्तर मला ठाऊक होते.

२३ मे १९७६, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. आबांनी काळा कोट घातला होता, बुटांना पॉलिश केले होते. पिशवीत अर्ज होता. ते पाटावर बसले, वही गुडघ्यावर घेतली.

"आज किती?"

"चार."

"चार," ते म्हणाले आणि लिहिले. चहा घेतला. वही मिटायला लागले.

"आबा, पेन द्या."

त्यांनी दिले. बोटांत राहीना म्हणून मी ते मुठीत धरले, लहान मूल खडू धरते तसे. त्यांच्या टपोऱ्या चारवर आडवी रेघ मारली. ती वाकडी गेली, पण एकच मारली. शेजारी आठ लिहिला.

आबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"ह्ये आजचंच?"

"नाही. मागचेही."

"कवापास्नं?"

"चैत्रापासून."

त्यांनी पाने मागे उलटली. एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले. सहा, सात, सहा, पाच. "मग ह्ये खरं किती व्हतं? सांग, म्या ल्हितो."

मला सांगता आले नाही. ते आकडे कुठेच लिहिलेले नव्हते आणि आठवणीतून लिहिलेला आकडा ही नोंद नव्हे. मी मान हलवली. आबांनी वही माझ्या उशाशी ठेवली, फेटा उतरवून खुंटीला टांगला आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. नाड्या सुटायला फार वेळ लागला. बाहेर सातारची गाडी फाट्यावर थांबल्याचा आणि निघाल्याचा आवाज आला. वहिनीने दारातून आत पाहिले, आणि पेला उचलून नेला.

त्या दिवसानंतर वहीत नोंद नाही. चैत्र ते वैशाखातली ती पाने मी फाडलेली नाहीत. त्यांच्या वरच्या कोपऱ्यात 'अविश्वसनीय' असे लिहून ठेवले आहे. पुढची पाने कोरी आहेत. आबा अजूनही सकाळी येऊन बसतात, पण विचारत नाहीत.

शेवटचा आकडा, रेघेखालचा ४ वगळून: ८.